यादवी माजते, युद्ध लढलं जातं

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करतो आहे. मी लिहिलं, '१८६१ साली अमेरिकेत यादवी माजली.' तपासणाऱ्यांनी ते खोडून 'गृहयुद्ध भडकले' असं केलं. गृहयुद्ध मला हिंदी वाटतो. यादवी हा आपला जुना शब्द हाताशी असताना तो का टाकायचा?"

टाकू नका. तुमच्या वाक्यात मला खटकलं ते 'माजली'. यादवी या शब्दाच्या मागोमाग हे क्रियापद इतकं सहज येतं की ते आपण निवडलं आहे हेच लक्षात राहत नाही. यादवी माजते, बंडाळी माजते, अंदाधुंदी माजते. यादवी कुणी पुकारत नाही, तिचे नकाशे काढत नाही, तिच्यासाठी सैन्यभरतीचा कायदा करत नाही. ही सवय शब्दाच्या जन्मकथेतूनच आलेली आहे.

अनेकांना यादवी म्हटलं की देवगिरीचे यादव आठवतात. त्यांचा इथे संबंध नाही. हे यादव द्वारकेचे, महाभारताच्या मौसलपर्वातले. प्रभासतीर्थावर वृष्णी, अंधक, भोज ही यादवांची कुळं जमली, मद्य प्याली. सात्यकीने कृतवर्म्याला डिवचलं की तू झोपलेल्यांना मारणारा. कृतवर्म्याने सात्यकीच्या हातून झालेल्या भूरिश्रव्याच्या वधाचं उकरून काढलं. सात्यकीने त्याचं डोकं उडवलं आणि मग हाताला येईल ते घेऊन जो तो समोरच्यावर तुटून पडला. किनाऱ्यावरचं एरका गवत उपटलं की त्याचं मुसळ होत होतं. बापाने मुलाला मारलं, मुलाने बापाला. या कथेत दोन फळ्या नाहीत, सेनापती नाही, जिंकणारा तर नाहीच. यादवीचा मूळ अर्थ एवढा भीषण आहे: एकाच कुळाने भान हरपून स्वतःला संपवणं.

आता अमेरिकेकडे या. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं आणि पुढच्या सहा महिन्यांत फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची संख्या ११ झाली. त्यांनी स्वतःची राज्यघटना केली, जेफरसन डेव्हिस यांना अध्यक्ष केलं, राजधानी आधी माँटगोमेरीला आणि मग रिचमंडला नेली. रिचमंड आणि वॉशिंग्टन यांच्यात जेमतेम १६० किलोमीटरचं अंतर. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्स्टनच्या बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या, आणि आठवड्याभरात लिंकन यांनी दक्षिणेच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. तो किनारा साडेपाच हजार किलोमीटरहून लांब होता. उत्तरेचे वयोवृद्ध सेनापती विनफिल्ड स्कॉट यांची कल्पना अशी की समुद्र अडवायचा, मिसिसिपी नदी ताब्यात घ्यायची आणि दक्षिणेला अजगरासारखा विळखा घालायचा. त्या वेळी या योजनेची टिंगल झाली, पण युद्ध शेवटी बरंचसं तसंच लढलं गेलं. ४ जुलै १८६३ ला मिसिसिपीकाठचं विक्सबर्ग पडलं आणि काही दिवसांत सगळी नदी उत्तरेच्या हाती आली. दक्षिणेचे दोन तुकडे झाले. आदल्याच दिवशी गेटिसबर्गची तीन दिवसांची लढाई संपली होती. तिथे दोन्ही बाजूंचे मिळून ५० हजारांच्या आसपास सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले.

उत्तरेचे सेनापती शर्मन यांची मोहीम तर यादवीच्या अगदी उलट्या टोकाला आहे. सप्टेंबर १८६४ मध्ये अटलांटा घेतल्यावर त्यांचं सुमारे ६० हजारांचं सैन्य समुद्राकडे निघालं आणि डिसेंबरात सव्हानाला पोचलं. वाटेतले रेल्वेचे रूळ सैनिक उखडत, तापवत आणि झाडाभोवती पिळून टाकत, म्हणजे ते पुन्हा अंथरता येऊ नयेत. विध्वंस प्रचंड होता. पण त्यात भान हरपलेलं नव्हतं, हिशेब होता. अशा ठिकाणी 'माजली' लिहिलं की वाचकाला दंगल दिसते, आणि रेल्वे, तारयंत्र, नाकेबंदी, वेढा यांनी चालवलेलं चार वर्षांचं युद्ध दिसेनासं होतं.

त्या नाकेबंदीची झळ आपल्यापर्यंत पोचली होती. अमेरिकी कापूस अडल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाचे भाव चढले, मुंबईत शेअरांचं वेड आलं, आणि १८६५ साली तिकडे शांतता होताच इकडे पेढ्या कोसळल्या.

मग यादवी तिथे कुठेच नव्हती का? होती, सीमेवरच्या राज्यांत. केंटकी आणि मिसूरी या राज्यांत गुलामगिरी होती, तरी ती संघराज्यात राहिली, आणि घराघरांत फूट पडली. केंटकीचे सिनेटर क्रिटेंडन यांचा एक मुलगा उत्तरेकडे जनरल, दुसरा दक्षिणेकडे. खुद्द लिंकन यांच्या पत्नीचे सावत्र भाऊ दक्षिणेकडून लढले. मिसूरीत तर शेजारी शेजाऱ्याचं घर जाळत होता. ऑगस्ट १८६३ मध्ये दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलच्या टोळीने शेजारच्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात शिरून दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले. इथे 'यादवी माजली' लिहायला मी क्षणभरही थांबणार नाही.

यादवी जपून वापरायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. भावाभावांचं भांडण म्हटलं की भांडणाचं कारण मागे पडतं. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून अधिक माणसं गुलाम होती. फुटणाऱ्या राज्यांनी आपल्या जाहीरनाम्यांत गुलामगिरीच्या रक्षणाचा उल्लेख उघडपणे केला होता. १ जानेवारी १८६३ ला मुक्तीची घोषणा अंमलात आली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. त्यांना यादवीतले भाऊ कसं म्हणायचं? ते आपल्या सुटकेसाठी लढत होते. जोतीराव फुल्यांना हे नेमकं कळलं होतं. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांना त्या युद्धात कुळाचा नाश दिसला नाही, दास्याचा शेवट दिसला.

गृहयुद्धाबद्दल. हिंदीत तो सर्रास चालतो हे खरं, पण म्हणून तो परका ठरत नाही. गृहखातं, गृहमंत्री यांतला 'गृह' आपण रोज वापरतो, आणि तिथे त्याचा अर्थ राज्याचा अंतर्गत कारभार असाच आहे. त्यामुळे शब्द बरोबर आहे, थोडा कोरडा आहे इतकंच. 'नागरी युद्ध' मात्र करू नका. सिव्हिल या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला नागरिक आहे, पण मराठीत नागरी म्हटल्यावर नागरी सुविधा आणि नागरी बँक आठवते.

नावांवरून भांडण अमेरिकेतही आहेच. उत्तरेच्या सरकारी कागदपत्रांत ते 'बंडाचं युद्ध' होतं, दक्षिणेत पुढे 'राज्याराज्यांमधलं युद्ध' हे नाव लाडकं झालं. एकेका लढाईलासुद्धा दोन नावं: उत्तरेने बहुधा जवळच्या ओढ्याचं नाव दिलं, दक्षिणेने गावाचं. म्हणून एकाची अँटिएटम ती दुसऱ्याची शार्प्सबर्ग. तुमच्या पुस्तकात दोन्ही नावं आली तर ती लढाई एकच आहे, हे अनुवादात सांभाळा.

तर तुमचं वाक्य. युद्धाचं नाव म्हणून 'अमेरिकेतलं यादवी युद्ध' मराठीत रुळलेलं आहे, ते ठेवा. यादवीला 'युद्ध' जोडलं की सैन्य, मोहिमा, तह सगळं त्यात मावतं. म्हणजे '१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं'. तपासणाऱ्यांचं 'भडकले'ही मी घेणार नाही, कारण पहिली तोफ उडण्याआधी चार महिने राज्यं एकेक करून, ठराव करून बाहेर पडत होती. आणि मिसूरीचं प्रकरण येईल तेव्हा तुमचं 'यादवी माजली' तिथे जसंच्या तसं घाला.