न्यूझीलंडचा ट्राउट आणि चेअरमनांचा एप्रिल

या वेळचं पत्र कोल्हापुरातून आलं आहे. थोडं छाटून देतो:

"मी ५८ वर्षांचा. शिरोलीच्या फाउंड्रीतून चौदा महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. लहानपणापासून भोगावतीवर गळ टाकत आलो, गेली सहा वर्षं फ्लाय फिशिंगचं, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासा धरायचं वेड आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाऊन एकदा ब्राउन ट्राउट धरायचा, एवढी एकच इच्छा उरली आहे. इचलकरंजीचा मित्रही येतो म्हणतो. एजंट बारा दिवसांचे माणशी साडेसहा लाख सांगतो, त्यात सहा दिवस गाइड. बँकेतल्या मॅडमनी खास सहलीसाठी म्हणून एक पॉलिसी दिली आहे. वर्षाला १ लाख २० हजार, आठ वर्षं भरायचे, बारा वर्षांनी साडेचौदा लाख हमखास. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. भाचा म्हणतो पॉलिसी सोडा, दरमहा १० हजारांची एसआयपी स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे लहान कंपन्यांच्या शेअर फंडात करा, तीन वर्षांत सहा लाख आरामात होतील. कुणाचं ऐकू? पैशाची तशी अडचण नाही. फंड आणि ग्रॅच्युइटीचे ३० लाख आमच्या पेठेतल्याच पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी आहेत, चेअरमन माझ्या वर्गातले. जानेवारीत स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगला दोन लाख मागितले, तर मार्च एंडिंग होऊ दे, एप्रिलमध्ये घे म्हणाले. मग बचत खात्यातूनच भागवलं आणि परत काही विचारलं नाही. पेन्शन ४,२०० येते, घरखर्च २८ हजार."

पॉलिसी की एसआयपी, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर दोन परिच्छेदांत होईल. पण तुमचं पत्र वाचताना मी अडकलो तो जानेवारीतल्या त्या दोन लाखांपाशी.

तीस लाखांचा ठेवीदार, चेअरमनांचा वर्गमित्र, स्वतःच्या पैशातले दोन लाख मागतो आणि त्याला तीन महिन्यांनी यायला सांगितलं जातं. मुदतीआधी पावती मोडली म्हणून व्याज कापलं असतं तर मी काहीच म्हणालो नसतो, तो नियमच असतो. पण 'नंतर ये' हा नियम नाही. असेलही खरंच मार्च एंडिंगची धांदल. असेल संस्था ठणठणीत. मला ते इथून दिसत नाही, आणि गंमत अशी की तुम्हालाही तिथून दिसत नाही. तुम्ही तीस वर्षं कास्टिंग तपासलीत. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या मालात ब्लो होल, आतली हवेची पोकळी, असतं हे मी तुम्हाला सांगावं का?

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाही. बँक बुडाली तर माणशी, त्या बँकेपुरते, पाच लाखांपर्यंत ठेव विम्यातून मिळतात. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. पाच लाखांचाही नाही.

आणि हे सगळं कशासाठी? बँकेत आज साडेसहा-सात टक्के मिळतात, तुम्हाला साडेदहा मिळतात. तीस लाखांवर फरक वर्षाला लाख, सव्वा लाख. म्हणजे लाखभर जादा व्याजासाठी आयुष्यभराची अख्खी कमाई एका खिडकीत. चेअरमन चांगले आहेत हो, मी कुठे नाही म्हणतो. ज्यांच्या संस्था बसल्या त्यांतलेही बरेच चेअरमन चांगलेच होते. कर्ज घेणारे चांगले लागतात, आणि ते तुमच्या वर्गात नव्हते.

तेव्हा सोमवारी जा. तोंडी काही विचारू नका. एका पावतीचे पैसे परत हवेत असा लेखी अर्ज द्या आणि त्यावर शिक्क्यासह पोच घ्या. मैत्री सांभाळायची असेल तर "मुलगा मागतोय" म्हणा, मुलांच्या नावावर इतकं खपवायला हरकत नाही. आठ-दहा दिवसांत पैसे खात्यात आले तर लगेच दुसऱ्या पावतीचा अर्ज. नाही आले, तर अर्जाची प्रत घेऊन सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात. तिथे लाजू नका. संस्थेचा गेल्या वर्षीचा अहवाल घरात कुठेतरी पडला असेल. सर्वसाधारण सभेच्या आधी येतो आणि आपण रद्दीत देतो तो. त्यात ऑडिट वर्ग कोणता आणि थकबाकी किती, एवढी दोनच पानं वाचा. पण वाचून बरं वाटलं म्हणून अर्ज थांबवू नका. जुने संबंध म्हणून दोन लाख तिथे राहू द्यायचे तर द्या, त्यापुढे एक रुपया नाही.

माझ्या एका नातेवाईकांनी असाच एक एप्रिल धरून ठेवला होता. संस्थेचं नाव घेत नाही. तो एप्रिल आला तेव्हा शटर अर्धं खाली होतं.

पैसे बाहेर आले की कुठे ठेवायचे? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज ८.२ टक्के आहेत, पण ती साठीनंतरची. पंचावन्न ते साठमध्ये निवृत्त झालेल्यालाही ती घेता येते, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचे ते तीन महिने पतसंस्थेत गेले. असो. पत्नीसोबत पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खातं काढा, मर्यादा १५ लाख, आजच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० येतील. उरलेले १५ लाख तीन वेगवेगळ्या बँकांत पाच-पाच लाख, महिन्याला साधारण ८,४०० व्याज. साठ पूर्ण झाली की हे १५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत हलवा.

आता जोड करू. ९,२५० अधिक ८,४०० अधिक पेन्शन ४,२००, म्हणजे २२ हजारांच्या आत. खर्च २८ हजार. महिन्याला सहा हजार कमी. 'पैशाची तशी अडचण नाही' हे तुमचं वाक्य साडेदहा टक्क्यांवर उभं होतं.

आणि खरं तर साडेदहा टक्क्यांवरही ते उभं नव्हतं. पतसंस्थेचं व्याज २६ हजार, पेन्शन चार हजार, खर्च २८ हजार. वर्षाला तीसेक हजार शिल्लक. त्यातून १ लाख २० हजारांचा हप्ता भरायचा कसा, हे विकणाऱ्या मॅडमनी विचारलं नाही आणि तुम्हीही नाही. निवृत्त माणसाला आठ वर्षांच्या हप्त्याची पॉलिसी! तीन वर्षांनी करायच्या प्रवासासाठी बारा वर्षांनी पैसे! पैसे येतील तेव्हा तुम्ही एकोणसत्तरचे असाल. थंड, वाहत्या पाण्यात मांडीभर उभं राहून गोलगोट्यांवरून चालायचंय, आणि गुडघ्यांना 'हमखास' हा शब्द कळत नाही. परतावा काढला तर ९ लाख ६० हजार भरून साडेचौदा, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास. पोस्टातला शिपाईसुद्धा याहून चांगला सल्ला देईल.

दुसरा हप्ता भरू नका. घेतल्यावर तीस दिवसांत परत करायची सोय होती, ती गेली. पण ऑक्टोबर २०२४ नंतरच्या अशा पॉलिसींना पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर केल्यास काही रक्कम मिळते. किती, ते कंपनीकडून लेखी मागवा. निम्मे आले तरी घ्या आणि मोकळे व्हा. "गेलेले पैसे तरी वसूल होतील" म्हणून हे निम्मे सोडून पुढचे सात हप्ते भरलेत, तर सोडलेले आणि नवे मिळून त्या पैशांवर जेमतेम सहा टक्के पडतील. कॉलेजात जाणारी मुलं असती तर विमा संरक्षणाचा विचार केला असता. मुलं मिळवती आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

भाच्याचं आता. दहा हजारांप्रमाणे तीन वर्षांत भरणार ३ लाख ६० हजार. त्याचे सहा लाख व्हायला वर्षाला ३५ टक्क्यांच्या वर परतावा लागतो, तोही सलग. आणि तुमच्याकडे महिन्याला दहा हजार आहेत कुठे? तीन वर्षांचे पैसे स्मॉल कॅपमध्ये नसतात. भाच्याला जेवायला बोलवा, सल्ला विचारू नका.

मग न्यूझीलंड रद्द का? नाही. पण तीस लाखांतून साडेसहा लाख काढणं रद्द. ती तुमची पंचाहत्तरीची औषधं आहेत.

पत्रात आणखी एक ओळ होती, मी वर छाटली: गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीने आठवड्यातून तीन दिवस, महिना २० हजारांवर बोलावलं होतं आणि "आयुष्यभर तेच केलं" म्हणून तुम्ही नकार दिलात. फोन लावा त्यांना. अडीच वर्षांसाठी. वीसमधून घरखर्चाची सहा हजारांची तूट वजा केली तर १४ हजार उरतात, तीस महिन्यांत ४ लाख २० हजार. ते बँकेच्या साध्या आवर्ती ठेवीत टाका, दुसरं काही करू नका.

सव्वाचार लाखांत ट्रिप बसते का? एजंटाची नाही बसत, तुमची बसते. तिथल्या गाइडचा दिवस हजार न्यूझीलंड डॉलरच्या घरात जातो, म्हणजे पन्नासेक हजार रुपये. पण तो बहुधा दोघांना मिळून असतो. सहाऐवजी तीनच दिवस गाइड घ्या, मित्राबरोबर निम्मे करा, माणशी पाऊण लाख. तिकीट सव्वा लाख, राहणं आणि भाड्याची गाडी अर्धी-अर्धी करून सव्वा लाख, परवाना, व्हिसा, विमा, खाणं मिळून पाऊण लाख. चार झाले, वरचे वीस हजार रुपया घसरला तर. बहुतेक नद्या तिथे १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल खुल्या असतात, म्हणजे आपल्या उसाच्या हंगामात. तुम्ही साठ-एकसष्टचे असाल. जमेल.

एक मात्र करा, आधी रंगीत तालीम. मैदानावर गवतात दोरी फेकायचा सराव करता आणि फिरायला येणारे हसतात असं लिहिलंत. हसू द्या. पण तिथल्या काचेसारख्या पाण्यात गाइड काठावरून मासा दाखवतो, समोरून वारा असतो, आणि पहिली फेक धपकन पडली की मासा गेला. पन्नास हजार रुपये रोजाने हे शिकणं परवडणारं नाही. हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ब्राउन ट्राउट आहे. कोल्हापूरहून निजामुद्दीनची गाडी, दिल्लीहून रात्रीची मनालीची बस, पहाटे औटला उतरून पुढे बंजार. मत्स्य खात्याचा रोजचा परवाना मिळतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद. आठ दिवसांचे ४०-५० हजार, तेवढे बहुधा सरेंडरमधूनच सुटतील. पत्नीलाही न्या. पूर्ण पत्रात त्या 'संयुक्त खातेदार' म्हणूनही आल्या नाहीत. न्यूझीलंडचे ट्राउट तरी कुठे तिथले आहेत? १८६७ मध्ये टास्मानियातून अंडी नेली आणि सोडली. आपल्याकडे काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आणली. मासा तोच, विमानाचं भाडं वेगळं.

आरोग्य विमा: मुलाच्या कंपनीच्या विम्यावर दोघं आहात. त्याने नोकरी बदलली की तो संपला. स्वतःचा आत्ताच घ्या. पहिले दोन हप्ते बचत खात्यातून जाऊ देत, साठीनंतर ज्येष्ठ नागरिक योजनेत वाढणारे वर्षाचे २२ हजार पुढे त्याला लावा.

शेवटी, तुम्ही ऑनलाइन घेतलेले ते चौदा हजारांचे फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाच्या तळव्याचे बूट. न्यूझीलंडमध्ये मासेमारीला फेल्टचे तळवे २००८ पासून चालत नाहीत. त्यातला ओलावा एका नदीचं शेवाळ दुसऱ्या नदीत नेतो. विमानतळावर मासेमारीचं वापरलेलं सगळं सामान सांगावं लागतं आणि ते स्वच्छ, कोरडं असावं लागतं. परत घेत असतील तर परत करा, नाहीतर तीर्थनला घाला. रबरी तळव्याचे नंतर बघू, आधी पोच घेऊन या.