आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलांसह आगमनकाळ घरी कसा पाळावा?

आपण लिहिले आहे की आपण पुण्यात सदनिकेत राहता, मुले आठ आणि पाच वर्षांची आहेत, आणि डिसेंबर उजाडला की त्यांच्या डोक्यात केक आणि भेटवस्तू यांखेरीज दुसरे काही नसते. तेव्हा नाताळाआधीचा आगमनकाळ झेपेल अशा रीतीने घरी कसा पाळावा, हा आपला प्रश्न आहे. मी वसईच्या कॅथलिक कुटुंबातली आहे. माझी मुले आता मोठी झाली आहेत, आणि आमच्या घरी वर्षानुवर्षे जे टिकले तेवढेच मी येथे सांगते.

पहिल्याच वर्षी मी सगळे एकदम करायला गेले होते. रोज बायबलचा एक अध्याय, रोज रोजरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, रोज नवे गीत असा बेत होता आणि दुसऱ्या आठवड्यातच तो मोडला, कारण कामावरून साडेसातला घरी पोचल्यावर भुकेलेल्या मुलांना अर्धा तास बसवून ठेवणे कोणालाच जमण्यासारखे नव्हते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की रात्रीच्या जेवणाआधीची दहा मिनिटे ठरवून घ्या आणि ती मोडू देऊ नका. दुसरे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते: आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे, आणि १ डिसेंबरलाच घरात झाड, दिव्यांच्या माळा, केक आणि नाताळगीते आली, तर मुलांना वाट पाहायला काही उरतच नाही. प्रत्येक गोष्ट तिच्या पाळीनेच घरात येऊ द्या.

या काळाचा आरंभ ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान होतो आणि नाताळापूर्वी चार रविवार येतात. शेवटचा आठवडा दरवर्षी सारख्या लांबीचा नसतो. २०२३ साली तर चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला होता. म्हणून आधी दिनदर्शिका पाहूनच बेत आखावा.

चार मेणबत्त्यांच्या चक्राने सुरुवात करा. ही प्रथा मुलांसाठीच निघाली, हे मला फार मोलाचे वाटते. १८३९ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे निराधार मुलांचा सांभाळ करणारे पाद्री योहान हिन्‍रिख विकर्न यांनी, नाताळ किती दिवसांवर आला असे मुले सारखी विचारत म्हणून, गाडीच्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या होत्या. आपल्याला बाजारातील प्लास्टिकचे चक्र आणण्याची गरज नाही. आम्ही सासूबाईंच्या पितळी परातीत वाळू पसरून तिच्यात चार मेणबत्त्या रोवतो आणि भोवती अशोकाची पाने लावून ती दर रविवारी बदलतो, कारण वाळलेली पाने ज्योतीजवळ ठेवणे धोक्याचे असते. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची, म्हणजे आनंदाच्या रविवारची, एक गुलाबी अशी रीत आहे. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांनाच त्या त्या रंगाची फीत बुडाशी बांधावी. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन अशा वाढत्या क्रमाने त्या रोज संध्याकाळी पेटतात. पंखा बंद, दिवे बंद, आणि मेणबत्ती पेटवण्याचा मान आळीपाळीने मुलांना. चौथ्या रविवारी चारही एकत्र पेटल्या की पहिली सर्वांत ठेंगणी झालेली असते आणि उंचीची पायरी तयार होते. किती दिवस वाट पाहिली, हे मुलांना तेव्हा डोळ्यांनी दिसते.

वाचन थोडेच ठेवा. काही घरांत १ ते २४ डिसेंबर बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूचरित्राचे, चोवीस अध्याय रोज एक याप्रमाणे वाचतात. मोठ्यांसाठी ते उत्तम आहे, परंतु लहान मुले नेमकी नाताळाच्या तोंडावर क्रूसावरील मरणाच्या अध्यायांशी येऊन पोचतात, म्हणून मला ते त्यांच्यासाठी योग्य वाटत नाही. सुरुवातीला यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातील, दावीद राजाचा बाप इशाय याच्या बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्याचा उतारा आठवडाभर तोच तो वाचला तरी चालतो. तोडलेल्या झाडाला पालवी फुटते हे मुलांनी पाहिलेले असते. पुढे १९ डिसेंबरपासून चर्चमधील मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, लूकचा पहिला अध्याय क्रमाने वाचला जातो, तोच घरी घ्यावा: याजक जखऱ्या, मरीयेला गब्रिएल दूताचा निरोप, मरीयेची जखऱ्याच्या बायकोशी म्हणजे अलीशिबेशी भेट, मरीयेचे स्तोत्र, जखऱ्या-अलीशिबेच्या मुलाचा म्हणजे योहानाचा जन्म. प्रत्येक भाग पाच मिनिटांत वाचून होतो.

गोठ्याचे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचे, आम्ही असे करतो की पहिल्या रविवारी फक्त रिकामी गव्हाण मांडायची आणि शेजारी भाताच्या पेंढ्याच्या काड्या ठेवायच्या. शहरात फळवाल्याकडे पेट्यांतला पेंढा सहज मिळतो. दिवसभरात कोणी कोणासाठी चांगले काम केले असेल तर त्याने ते न सांगता एक काडी गव्हाणीत ठेवायची, म्हणजे बाळ येशूचे अंथरूण मऊ होते. न सांगण्याचा नियम कडक ठेवा, नाहीतर भावंडांत चढाओढ लागते. एका संध्याकाळी माझी धाकटी मुलगी गव्हाणीतून काडी परत काढताना मला दिसली. विचारले तर म्हणाली, "मी दादाशी पुन्हा भांडले ना." मी तिला सांगितले की ठेवलेली काडी काढायची नसते, उद्या दुसरी ठेवायची असते, पण तिचे ते खाली घातलेले तोंड मला अजून आठवते.

साधारण १२ डिसेंबरला रात्री मूठभर नाचणी भिजत घालून दुसऱ्या दिवशी ती उथळ ताटात मातीच्या पातळ थरावर पेरा आणि पाण्याचा हबका मारत राहा. नाताळापर्यंत गोठ्यासमोर हिरवे कुरण उभे राहते. पाच वर्षांच्या मुलाला हे काम पूर्णपणे सोपवता येते. कुलकुल (मैद्याच्या गोळ्या वळून तळलेला गोड पदार्थ) आणि करंज्या शेवटच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी करा, कुलकुलाच्या गोळ्या नव्या फणीवर मुलांनाच वळू द्या, आणि डबे २५ तारखेपर्यंत बंद ठेवा. चाखायला एकेक द्यायला हरकत नाही, पण दिवाळीला ज्या शेजाऱ्यांकडून फराळाचे ताट आले त्यांची ताटे आधी भरून जावीत. नाताळाची चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा आकाशकंदील, आम्ही टांगतो लवकर, पण तिच्यातला दिवा १७ तारखेलाच लावतो. प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे चर्चमध्ये धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देणे, मात्र गर्दीच्या शेवटच्या दिवसांवर ढकलू नका. तिसऱ्या आठवड्यातच सगळे मिळून जाऊन या.

मरीया, योसेफ आणि मेंढपाळ चौथ्या रविवारी गोठ्यात येतात. बाळाची मूर्ती कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेली असते. रात्रीच्या मिस्साहून घरी आल्यावर घरातील सर्वांत लहान मूल ती दोन्ही हातांत धरून आणते आणि महिनाभर साठलेल्या पेंढ्यावर ठेवते. पाच वर्षांचे मूल तोवर झोपेला आलेले असेल, तरी त्याला उठवा.