टँकरला पेसोचं लायसन आहे, मग ड्रायव्हरला वेगळं कशाला?

प्रश्न: नमस्कार दादा, मी कळमन्यातून संत्र्याच्या गाड्या नेतो, हेवी लायसन नऊ वर्षांचं आहे. आता बुटीबोरीकडचे एक शेठ पेट्रोलच्या टँकरवर ये म्हणून राहिले, पगार बरा आहे. वेगळं लायसन लागते का विचारलं तर म्हणे गाडीला पेसोचं लायसन आहे, तुझं हेवी आहे, बस झालं. खरं का? आणि मी सातवीच शिकलो, ते आडवं येईल का?

उत्तर: भाऊ, शेठ अर्धंच सांगून राहिले. पेसो म्हणजे स्फोटकं अन् पेट्रोलसारख्या मालाची सुरक्षा बघणारं केंद्र सरकारचं खातं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे म्हणून इथं सगळ्यांच्या तोंडी तेच नाव असते, पण ते लायसन टँकरचं, तुमचं नाही. तुमच्या हेवी लायसनवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते, म्हणजे एंडोर्समेंट, आणि ती आरटीओ देतो, अर्ज सारथी पोर्टलवरून करता येते. त्याआधी ३ दिवसांचं ट्रेनिंग, त्यात गाडी सांभाळून चालवणं आणि मालाची माहिती, आग लागली गळती झाली तर काय करायचं, हे सगळं असते. एजंट म्हणेल की न बसता सर्टिफिकेट काढून देतो, त्याच्या नादी लागू नका बावा, ते ३ दिवस तुमच्याच जिवाचे आहेत.

सातवीचं टेन्शन सोडा. ट्रान्सपोर्ट लायसनला आठवी पासची अट होती ती २०१९ मध्ये काढून टाकली. पण धोकादायक मालासाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ आहे, त्यात एक भारतीय भाषा आणि सोबत इंग्रजी, दोन्ही वाचता लिहिता यायला पाहिजे. मराठी तर तुम्हाला येतेच, इंग्रजीचं बघा. मला आधी ही अट उगाच वाटायची, पण मागे वर्धा रोडवर एका ढाब्यावर टँकरवाल्या भाऊला ट्रेम कार्ड दाखवा म्हटलं तर त्यानं बालाजीच्या फोटोमागून चार घड्या घातलेला, डिझेलचे डाग पडलेला कागद काढला आणि उलटा धरला. त्या कार्डावर माल कोणता, आग कशानं विझवायची, डोळ्यात गेलं तर काय करायचं, सगळं लिहिलेलं असते, आणि अपघात झाल्यावर ते वाचणारा पहिला माणूस ड्रायव्हरच असतो. टँकरच्या बाजूला अन् मागं जो पॅनल असते त्यावरचा १२०३ म्हणजे पेट्रोल, एवढं तरी पाठ करून ठेवा.

जुने ड्रायव्हर सांगतील की ही धोकादायक मालाची नोंद दरवर्षी रिन्यू करावी लागते. आधी तसंच होतं, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत ३ वर्षं झाली आणि रिन्यूला १ दिवसाचा रिफ्रेशर कोर्स. साधं ट्रान्सपोर्ट लायसन ५ वर्षांचं, म्हणून दोन तारखा वेगळ्या निघतात आणि लोकं तिथंच फसतात, मोबाईलमध्ये दोन्हीचा रिमाइंडर लावा.

आणि शेठला सांगा, ट्रेनिंग झालेलाच ड्रायव्हर गाडीवर ठेवणं ही मालकाचीही जबाबदारी आहे. नियम मोडून असा माल नेला तर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड अन् वर कैदही होऊ शकते.

प्रश्न: डेपोत माल खाली करून रिकामा टँकर परत आणायचा असेल तर साध्या हेवीवाल्याला बसवलं तर चालते का?

उत्तर: नका बसवू. पेट्रोल संपलं तरी वाफ आतच राहते, हवेपेक्षा जड असते ती, टाकीच्या तळाशी बसून असते, आणि हवेत मिसळली की ठिणगीची वाट पाहते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते, रिकाम्यात भरपूर. म्हणून सायलेन्सरवरचा स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी अडवणारा भाग, येतानाही नीट पाहिजे अन् ड्रायव्हरही एंडोर्समेंटवालाच पाहिजे. ढाब्यावर टाकीला टेकून बिडी ओढणारे मी रिकाम्या गाडीजवळच जास्त पाहिले, भरलेलीला सगळे भितात.