पिकअपचं इंजिन एवढ्या लवकर का बसलं?

प्रश्न : माझी डिझेल पिकअप आहे. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर घेऊन माळशेज घाटानं वाशी मार्केटला जातो. १ लाख ३० हजार किलोमीटरला गाडी ऑइल खायला लागली, निळा धूर सुरू झाला, घाटात दम राहिला नाही. खोलली तर रिंगा आणि लायनर गेलेले. ऑइल मी वेळेवर बदलायचो. एअर फिल्टर दर आठवड्याला काढून हवा मारायचो. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. सकाळी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवूनच निघायचो. मग कुठं चुकलं? आता इंजिनचं काम नवं आहे, ते टिकवायचंय.
— एक वाचक, ओतूर

उत्तर : दादा, आधी तुमच्या मेस्त्रींकडून जुने पार्ट मागून घ्या. वरची रिंग (पिस्टनभोवतीचं कडं; ते ज्या नळीत घासतं तो लायनर) पार पातळ झालेली आणि क्रँकची बेअरिंग मात्र बऱ्यापैकी शाबूत असतील, तर धूळ हवेच्या वाटेनं आत गेली. बेअरिंगही ओरखडलेली असतील तर ऑइलकडे संशय जातो. तुमचं वर्णन वाचून मला पहिलीच शक्यता जास्त वाटते.

तुमचा माल शेताच्या बांधावर भरला जातो. पाणंद रस्ता, पुढं ट्रॅक्टर, मातीचा लोट. त्या मातीतले वाळूचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. रिंग आणि लायनरचं वाटोळं करणारे कण त्याच्याही कितीतरी बारीक, ५ ते २० मायक्रॉनचे. ऑइलात मिसळले की पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. कागदी फिल्टर हे कण अडवतो, पण तो अखंड असेल तरच. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर शंभर पौंडांच्या आसपास हवा फेकतो. ती जवळून मारली की घडीच्या कडेला कागद बारीक चिरतो. डोळ्यांना दिसत नाही, धुळीला मात्र वाट मिळते. शिवाय दर वेळी फिल्टर काढला-बसवला की कडेचं रबर थोडं दबतं, घाईत तिरकं बसतं. तुम्ही काळजीपोटी जे दर आठवड्याला करत होता, त्यानंच नुकसान झालं असण्याची दाट शक्यता आहे.

थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ चांगली अडवतो, म्हणून उगाच उघडू नका. फारच भरला तर आतून बाहेर, ३० पौंडांच्या आतली हवा, लांबून. माझं स्पष्ट मत : हवा मारत बसण्यापेक्षा नवा टाका. फिल्टरची किंमत आणि तुमचं इंजिनचं बिल शेजारी ठेवून बघा.

आणि एवढ्यावर थांबू नका. फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा होज पाईप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर तांबूस माती आली तर गाडी तिथंच थांबवा. क्लिप सैल असेल, होज चिरला असेल नाहीतर फिल्टरचं घर वाकलं असेल. ही तपासणी टोमॅटोच्या हंगामात महिन्यातून एकदा करा. माझ्या गॅरेजात येणाऱ्या भाजीच्या गाड्यांना मी हे सांगून सांगून थकत नाही, कारण इंजिन वाचवणारं याच्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, परत बसवून घ्या, आजच. तो नसला की इंजिन नीट तापत नाही. थंड लायनरवर न जळलेलं डिझेल ऑइलचा थर धुऊन काढतं आणि ऑइलात पाणी, आम्ल साचतं. माळशेज उतरताना थंडीत तर इंजिन अगदीच गार पडतं. आणि बऱ्याच इंजिनांत तो काढला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच फिरतं, म्हणजे उन्हाळ्यात तापायचं ते तापतंच. गरम होण्याचं खरं कारण शोधा : रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचोळा, थकलेला फॅन क्लच, सैल बेल्ट, गेलेलं झाकण.

सकाळचं दहा मिनिटांचं बंद करा. डिझेल इंजिन जागेवर फार हळू तापतं. ऑइलचा दिवा विझला की अर्ध्या-एक मिनिटात निघा आणि पहिले काही किलोमीटर रेस न देता चालवा. घाट चढून थांबलात तर मात्र तापलेला टर्बो गार व्हावा म्हणून मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये धापा टाकत चढवू नका, एक गिअर खाली घ्या.

प्रश्न : आमची बीएस-६ पिकअप गावोगावी दूध गोळा करते. ऑइल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर वाढलेलं दिसतं. चांगलं की वाईट?
— एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : वाईट, ताई. बहुधा त्यात डिझेल मिसळतंय. या गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरात काजळी साठते आणि ती जाळायला बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल सोडलं जातं. तुमची गाडी दर वाडीला थांबते, बंद होते. जाळण्याचं काम अर्धवट राहतं आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलात उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि टर्बो दोन्ही झिजतात.

पातळी वरच्या खुणेपलीकडे असेल तर गाडी चालवू नका, आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच, कमी राखेचं (जळल्यावर फिल्टरात राख कमी सोडणारं), घ्या. जुन्या गाडीचं उरलेलं ओतू नका. नंतर आठवड्यातून एकदा-दोनदा दूध पोचवल्यावर गाडी पुणे-नाशिक हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात पळवा. काजळी जाळण्याचा दिवा लागला असेल तर तो विझेपर्यंत बंद करू नका. एवढं करूनही पातळी चढत राहिली तर इंजेक्टर गळतोय का ते तपासून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर डिझेल नव्हे, कूलंट शिरतंय. मग गाडी सुरू न करता टोचन करून न्या.