वाचकांचे प्रश्न: ग्लायडिंगचा टास्क (ठरवलेला उड्डाणमार्ग) आखताना टर्नपॉइंट (वळणबिंदू) कसे ठेवावेत?

प्रश्न (लातूर): एक्ससीसोअर या ग्लायडिंगच्या दिशादर्शक सॉफ्टवेअरच्या सिम्युलेटर मोडमध्ये छत्रपती संभाजीनगर विमानतळ–जालना–पैठण–परत असा टास्क केला. प्रकार ‘एफएआय ट्रायँगल’ (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या नियमांतला त्रिकोण) निवडला की सॉफ्टवेअर चूक दाखवतं. शिवाय पैठणजवळून वळलो तरी टर्नपॉइंट पूर्ण झाला असं धरत नाही.

उत्तर: दोन दुखणी वेगळी आहेत. एफएआय त्रिकोणात सर्वांत छोटा टप्पा एकूण अंतराच्या किमान 28 टक्के लागतो (750 किमीपेक्षा लहान त्रिकोणासाठी). तुमचे टप्पे अंदाजे 51, 66 आणि 43 किमी, म्हणजे पैठण–विमानतळ टप्पा 27 टक्क्यांच्या आसपास अडकतो. पैठणऐवजी शहागड घेऊन पाहा, त्रिकोण बसतो. पैठणच हवं असेल तर प्रकार ‘रेसिंग’ ठेवा.

आता वळण. एफएआय सेक्टर, म्हणजे टर्नपॉइंट पूर्ण व्हायला जिथे शिरावं लागतं तो पट्टा, 90 अंशांचा असतो आणि तो त्रिकोणाच्या बाहेरच्या बाजूला उघडतो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या टप्प्यांमधल्या कोनाचा दुभाजक मागे वाढवला की त्याची दिशा मिळते. पैठणला ती दक्षिण-नैऋत्य येते. जालन्याहून येऊन गावाच्या अलीकडूनच उत्तरेला वळलात तर बिंदूपासून 200 मीटरवर असूनही तुम्ही सेक्टरबाहेरच. गाव ओलांडा, मग वळा. टास्क उलट्या क्रमाने उडवला तरी सेक्टर तोच राहतो, पण शेजारचा टर्नपॉइंट बदलला की तो फिरतो. म्हणून बदलानंतर नकाशा पुन्हा बघायचाच.

सरावाला 500 मीटरचा सिलिंडर (बिंदूभोवतीचं 500 मीटर त्रिज्येचं वर्तुळ) सोपा. जर्मन पद्धतीच्या किहोलमध्ये हा सिलिंडर आणि 10 किमीचा सेक्टर दोन्ही मिळतात. मात्र एफएआयच्या बॅजसाठी (प्रावीण्य-बिल्ल्यासाठी) सिलिंडर वापरलात तर हद्द ओलांडली की दर वेळी अंतरातून 500 मीटर वजा होतात, म्हणजे प्रत्येक टर्नपॉइंटला एक किलोमीटर. 300 किमीचा टास्क काटेकोर 300 चा आखू नये तो यामुळेच.

(विमानतळाचा हा टास्क सिम्युलेटरपुरताच, खऱ्या उड्डाणात तिथलं नियंत्रित हवाई क्षेत्र आडवं येतं.)

प्रश्न (परभणी): एक्सेलमध्ये सीयूपी फाइल (टर्नपॉइंटची यादी) बनवली. पैठण भलतीकडेच दिसतं आणि फायनल ग्लाइड (शेवटच्या टप्प्यात उतरायला उंची पुरेल का याचा हिशेब) नेहमी जास्त उंची शिल्लक दाखवतं.

उत्तर: दशांश अंशांतले आकडे तसेच भरलेत. सीयूपीला अंश आणि मिनिटं लागतात. पैठणचा अक्षांश 19.48 आहे म्हणून 1948.000एन (एन म्हणजे उत्तर) लिहिलंत, पण 0.48 गुणिले 60 म्हणजे 28.8 मिनिटं, बरोबर नोंद 1928.800एन. रेखांशातही तीच चूक झाली की पैठण थेट करमाड-बदनापूरच्या मधे जाऊन बसतं. रेखांशाचे अंश तीन आकडी असतात, 075 मधला शून्य गाळू नका. शेवटचं अक्षर न लावता नुसता आकडा भरला तर एक्सेल तो स्वतःहून खातं, म्हणून तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा.

उंचीच्या रकान्यात शून्य टाकलं असणार. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 582 मीटरवर आहे. शून्य लिहिलंत की सॉफ्टवेअर तेवढी उंची तुमच्या खात्यात फुकट जमा करतं. एककासकट 582.0एम लिहा.

प्रश्न (बीड): एएटी टास्कमध्ये (बिंदूंऐवजी मोठी क्षेत्रं आणि किमान वेळ ठरवलेला टास्क) पुढचा टर्नपॉइंट कधी धरावा?

उत्तर: क्षेत्रात शिरताच नाही. पुढच्या टर्नपॉइंटवर जाण्याचा बदल ‘आर्म’वर (बटण दाबल्यावरच होईल असा) ठेवा आणि आत हवं तेवढं खोल जाऊन वळायचं ठरलं की बटण दाबा. टास्कच्या गुणधर्मांत किमान वेळ भरलेली हवी, नाहीतर किती खोल जायचं याचा अंदाज चुकतो.