तवंग चहाचा नव्हे, पाण्याचा

प्रश्न : काका, नमस्कार. मी धरणगावची, वय ५४. चहा माझा जीव की प्राण. लेकीने पुण्याहून दार्जिलिंगच्या चहाचा डबा आणला. नेहमीसारखा दूध-साखर घालून उकळला, तर नुसतं गोड दूध प्यायल्यासारखं लागलं. दुसरं असं, की कोरा चहा केला की त्यावर तेलकट तवंग येतो. तीच पावडर नाशिकला बहिणीकडे वापरली तर येत नाही. मला आता चहा नीट शिकायचा आहे. घरचे म्हणतात, चहात काय शिकायचं असतं? सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, तवंगाची ओळ मी तीनदा वाचली. मला जे कळायला दुकानात नऊ वर्षं गेली, ते तुम्ही दोन स्वयंपाकघरांत उभ्या राहून टिपलंत. तुमची सुरुवात झालेलीच आहे.

भुसावळला बाजारात ३१ वर्षं माझं सुट्या चहाचं दुकान होतं. आसामची ममरी (दाणेदार चहा) आणि थोडी डस्ट (बारीक भुकटी) एकत्र करून मी माझं मिक्स बनवायचो. यावलकडचे एक केळीवाले शेतकरी दर महिन्याला दोन किलो न्यायचे आणि दर महिन्याला एकच सांगायचे, "शेठ, रंग काळा येतो, पण चव उतरत नाही." त्याच पोत्यातला चहा रेल्वे क्वार्टरमधली मंडळी मागून मागून नेत. मी मिक्स तीनदा बदललं. डस्ट कमी केली, ममरी जाड घेतली. फरक शून्य. शेवटी त्यांना म्हटलं, भाऊ, पुढच्या खेपेला तुमचं पाणी घेऊन या. त्यांनी बोअरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन एस.टी.तून आणला. दोन पांढऱ्या कपांत एकच पावडर, एकात नळाचं पाणी, एकात त्यांचं. नळाचा चहा तांब्याच्या नव्या भांड्यासारखा लाल, तळ दिसेल इतका स्वच्छ. त्यांच्या पाण्याचा काळपट, मेलेला, आणि वर तुम्ही म्हणता तोच तवंग, चमचा फिरवला की तुकडे होणारा. त्या सकाळी गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि मी कपच बघत बसलो होतो.

कारण असं. जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात. हवा लागली की चहातली तुरट द्रव्यं त्यांच्याबरोबर मिळून पृष्ठभागावर साय धरतात. ते तेल नव्हे, भेसळही नव्हे. असं पाणी अल्कधर्मी असल्यामुळे रंगही काळवंडतो. खात्री करायची तर अशा कपात लिंबाचे चार थेंब पिळा. रंग डोळ्यांदेखत उजळतो आणि तवंग विरतो.

उपाय सोपा आहे. पाणी आधी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार होऊ द्या. तळाशी पांढरा साका बसेल. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या आणि त्याचा चहा करा. सगळे क्षार यानं जात नाहीत, पण चहा ओळखू येईल इतका सुधारतो. त्यानंतर दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न विचारायचो : नळाचं की बोअरचं? बोअरवाल्याला जास्त कडक, तुरट मिक्स द्यायचो. चहाचे व्यापारी थॉमस लिप्टन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विलायतेत गावोगावच्या पाण्याला जुळेल असा चहा विकला होता, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. वाचून फार बरं वाटलं.

आता दार्जिलिंग. चहाची वनस्पती एकच, पण तिचे दोन मुख्य प्रकार. दार्जिलिंगला १८४१ मध्ये तिथले ब्रिटिश अधिकारी डॉ. कॅम्पबेल यांनी लागवड करून पाहिली आणि तिथे लहान पानाचा चिनी प्रकार रुजला. आसामचं पान मोठं, रांगडं. तिथले सिंगफो लोक ते आधीपासून वापरत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला ते झाड दिसलं ते त्यांच्याच मुलखात. आपल्या घरात जी दाणेदार पावडर असते ती सीटीसी, म्हणजे दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, गुंडाळून केलेली. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामातच विल्यम मॅककर्चर यांनी काढलं. पान फाटल्यामुळे रस पटकन हवेशी भिडतो, लालसर होतो आणि दाण्यातून लवकर उतरतो. असा चहा दूध पचवतो, उकळीला टिकतो. दार्जिलिंगचं पान हाताळायचं वेगळं. त्याचा जीव सुगंधात, आणि सुगंध उकळीत उडून जातो. उकळी आली की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग पानावर पाणी ओता. तीन मिनिटं झाकण. दूध नको, साखरही पहिल्या घोटाला नको.

माझं एक मत आहे. सीटीसीला हलकं समजणारे लोक मला पटत नाहीत. चांगल्या मोसमाचा, जून महिन्यातला आसामचा दाणा म्हशीच्या दुधात जसा उभा राहतो, तसा दार्जिलिंग राहू शकत नाही. दोघांची कामं निराळी.

शिकायचं कसं? चहाची चव पारखायला एक आंतरराष्ट्रीय मानक आहे : १०० मिलीलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं, पांढरं चिनी मातीचं भांडं. घरी काटा नसेल तर जळगावच्या सराफाकडे नेहमी जाणंयेणं असेलच. एकदा २ ग्रॅम तोलून घ्या आणि तो आपल्या कोणत्या चमच्यात किती बसतो ते पाहून ठेवा. मी तसंच केलं होतं. आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरी, प्रत्येकी १०० ग्रॅम आणा. तिन्ही एकाच पाण्यात, शेजारी शेजारी. एकटा कप काही शिकवत नाही. घोट सुर्रकन ओढा, आवाज होऊ द्या, कारण हवेबरोबर वास नाकात मागच्या बाजूनं चढतो. चोथाही हुंगा.

आणि तुरट व कडू यांत घोळ करू नका. कडू जिभेवर कळतं. तुरट म्हणजे जीभ-गाल कोरडे ओढले जातात. तुम्ही केळीच्या मुलखातल्या. कच्चं केळ चावलं की तोंडाचं जे होतं, तीच टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्यांची ओढ. चहात ती हलकी, टवटवीत हवी. नुसता कडवटपणा उरला तर चहा जास्त उकळला असं समजा. रोज दोन ओळी वहीत लिहा. शब्द आपलेच वापरा. माझ्या वहीत "ओल्या चाऱ्याचा वास", "भाजल्या शेंगदाण्यासारखा", "घशात अडतो" असलं काय काय आहे, आणि इतक्या वर्षांनीही ते वाचून तो चहा आठवतो.

प्रश्न : सुट्या चहात रंग घातला आहे का, हे घरी कळतं का? (शहादा)

उत्तर : कळतं. गाळणकागदावर थोडी पावडर पसरा, पाणी शिंपडा, ओली होऊ द्या. मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा. काळपट तपकिरी डाग उमटले तर रंग आहे. लोखंडाचा कीस पाहायला लोहचुंबक फिरवा.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या. आलं घालून गुळाचा चहा केला, तीनदा दूध फाटलं. पाहुण्यांपुढे फार वाईट वाटलं. (अमळनेर)

उत्तर : ताई, वाईट वाटून घेऊ नका, फाटायला कारणं दोन होती. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारा एक घटक असतो. उकळत्या पाण्यात तो निकामी होतो. म्हणून आलं ठेचून आधी पाण्यात चार मिनिटं उकळा, मग पावडर, मग दूध. गूळ आंबटसर असतो आणि उकळत्या दुधात पडला की ते फाटतं. चहा पूर्ण झाल्यावर गॅस बंद करा, एक मिनिट थांबा आणि किसलेला गूळ तेव्हा घाला. पातेलं पुन्हा गॅसवर चढवू नका. उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी बिनगुळाचा चहा वेगळा ठेवा आणि गूळ कपात घाला.