ट्रक ओढेल हो, पण पेलेल का?

पत्र ह्यूस्टनजवळच्या केटीहून आलंय. वाचक 63 वर्षांचे, पत्नी 60 च्या. येत्या डिसेंबरात दोघंही नोकरी सोडणार. घराचं कर्ज फिटलंय, दोघांच्या 401के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यांत, मिळून 11 लाख डॉलर आहेत आणि यंदाचं उत्पन्न 1 लाख 55 हजार. निवृत्तीनंतर वर्षातले चार-पाच महिने भटकायचं म्हणून त्यांनी 72,000 डॉलरचा नवा फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचं चाकांवरचं घर, पसंत केलाय आणि बयाणाही दिलाय. दारात 2021 ची फोर्ड एफ-150 पिकअप उभी आहे, तिच्यावरही कर्ज नाही. ते लिहितात, ‘आमचा ट्रक 13,000 पाउंड ओढतो, ट्रेलर रिकामा 9,800 पाउंडांचा आहे, त्यामुळे विक्रेता म्हणाला निर्धास्त राहा. प्रश्न एवढाच की पैसे 401के मधून एकरकमी काढू की 15 वर्षांचं कर्ज घेऊ?’ खाली पत्नीनं वेगळ्या ओळीत लिहिलंय: ‘मला अजून खात्री वाटत नाही.’

नमस्कार,

पैसे कुठून आणायचे ते सांगते, पण किती आणायचे हे आधी ठरवू. तो आकडा 72,000 नाही.

तुम्ही ट्रेलरचे बारा फोटो पाठवलेत. त्यातल्या एकात मागे तुमच्या ट्रकचं उघडं दार आलंय. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा स्टिकर असतो ना, तो मी मोठा करून बघितला. माणसं आणि सामान मिळून 1,640 पाउंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलंय. हा तुमच्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला 13,000 चा आकडा ओढण्याचा आहे, 1,640 हा पाठीवर पेलण्याचा. फिफ्थ व्हीलचं सगळं गणित या दुसऱ्या आकड्यावर फिरतं आणि विक्रेत्यानं नेमका तोच काढला नाही.

मी वाळवा तालुक्यातली, उसाच्या गाड्या बघत वाढले. गाडी भरताना आमचे आजोबा आधी जुवाकडे बघायचे. पुढून जड झाली की बैलांच्या मानेवर जू रुततं, मागे जास्त भरली की गाडी उलाळते. चाकांवर किती आणि मानेवर किती, या वाटणीवर बैलाचं आयुष्य ठरायचं. तुमच्या ट्रेलरचंही तसंच आहे. साधा ट्रेलर मागच्या बंपरखालच्या हिचला, म्हणजे जोडणीच्या आकड्याला, अडकतो आणि आपल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार ट्रकवर टाकतो. फिफ्थ व्हीलचा किंगपिन, म्हणजे जोडणीचा खिळा, थेट ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या डोक्यावर बसतो आणि साधारण 20 टक्के भार देतो, कधी त्याहून जास्त. म्हणूनच तो रस्त्यावर कमी डोलतो आणि वळायला शहाण्यासारखा वागतो. ही त्याची खरी खुबी आहे, ती मी नाकारत नाही. पण तो भार कोणाच्या तरी मानेवर येतोच.

आता आकडे मांडू. रिकामं वजन विसरा, रिकामा ट्रेलर घेऊन कोणी फिरत नाही. 50 गॅलन पाणी भरलं की तिथेच 400 पाउंडांच्या वर जातं, मग गॅसच्या टाक्या, भांडी, गाद्या, कुकर, तांदळाची पिशवी आणि तुम्ही नेणार म्हणता ती बाहेरची शेगडी. फोटोतल्या पाटीवर कमाल वजन 12,500 लिहिलंय. त्याचे 20 टक्के म्हणजे 2,500. तुम्ही दोघं 330, हौद्यात बसवायचा हिच 180, कुत्रा, हत्यारांची पेटी आणि किरकोळ मिळून 60. बेरीज 3,070. परवानगी 1,640 ची. म्हणजे जवळजवळ दुप्पट. उलटं गणित केलं तर तुमच्या ट्रकला 5,350 पाउंडांपर्यंतचा फिफ्थ व्हील चालेल, आणि तेवढा हलका शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही.

‘मग एक पायरी वर जाऊ, डिझेलची एफ-250 घेऊ,’ असं तुम्ही म्हणाल, म्हणून आधीच सांगते. डिझेल इंजिन स्वतःच इतकं जड असतं की चार दारांच्या फोर-बाय-फोर 250 मध्ये पेलोड बऱ्याचदा अडीच हजारांच्या आत येतो. ताकद प्रचंड, पाठ मात्र अपुरी. तुमच्या ट्रेलरला फोर्डच्या 350 किंवा रॅमच्या 3500 वर्गातलाच ट्रक लागतो. त्यातही मागे एकेरी चाकं असलेला पुरतो, मागे चार चाकं असलेला ड्युअली लागत नाही. उलट ड्युअलीची कमाल वजनमर्यादा साधारण 14,000 पाउंड असते. त्यात ट्रेलरचे 12,500 मिळवले की 26,000 ची सीमा ओलांडली जाते, आणि टेक्सासमध्ये तुम्हाला क्लास ए चा लायसन्स काढावा लागतो. व्यावसायिक नव्हे, पण परीक्षा आहेच. एकेरी चाकांच्या ट्रकबरोबर तुम्ही त्या रेषेच्या आत राहता.

म्हणून 72,000 चा ट्रेलर घेताना खरं तर तुम्ही ट्रेलर आणि ट्रक अशी जोडी घेताय. नवा 3500 वर्गातला ट्रक 85,000 धरू, तुमच्या जुन्याचे 32,000 वजा करू, उरले 53,000. ट्रेलरवर 4,500 आणि ट्रकच्या फरकावर 3,300 असा 6.25 टक्क्यांचा सेल्स टॅक्स. हिच आणि तो बसवण्याचा खर्च वेगळा. हा झाला 1 लाख 33 हजारांच्या घरातला निर्णय, आणि तुमच्या पत्रात यातले 53,000 कुठेच नाहीत.

हे मी वरून सांगत नाही, आमचीही हीच फजिती झाली होती. पहिला ट्रेलर घेतला तेव्हा विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं, ‘हाफ टनला, म्हणजे एफ-150 वर्गातल्या ट्रकला, चालतो.’ पहिल्याच फेरीत चढावर ट्रकचं तोंड जरा जास्तच आभाळाकडे गेलं. नवरा म्हणाला, काही नाही, रस्ताच तसा आहे. मी आय-10 महामार्गावरच्या एका ट्रक स्टॉपला गाडी काट्यावर घ्यायला लावली. लहानपणी कारखान्याचा काटा बघितलेला, त्यामुळे मला त्यात संकोच नव्हता. भोंग्यातून बाईचा आवाज आला, ‘कंपनी कोणती? पहिलं वजन की पुन्हा?’ अठरा चाकांच्या रांगेत आम्ही दोघं, मागच्या सीटवर डबा. कागद हातात आला तेव्हा मागच्या आसावर मर्यादेपेक्षा 240 पाउंड जास्त होते. तो ट्रेलर दोन वर्षांत 9,000 च्या तोट्यानं विकला. तेव्हापासून माझ्याकडे असा प्रश्न आला की मी बँकेच्या स्टेटमेंटआधी स्टिकरचा फोटो मागते.

जास्त भार टाकून चालवणारे भेटतील, ‘दहा वर्षं ओढतोय, काही झालं नाही’ असंही सांगतील. ओढणं हा त्यातला सोपा भाग आहे. कोलोराडोत आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून 6-7 टक्क्यांच्या उतारावर थांबायची वेळ येते तेव्हा ब्रेक, टायर आणि आस यांची परीक्षा होते. आणि अपघात झालाच, तर स्टिकरच्या दुप्पट भार म्हणजे समोरच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत. तुमच्याकडे 11 लाख आणि कर्जमुक्त घर आहे. गमावण्यासारखं काहीच नसलेल्या माणसाचा धोका वेगळा आणि तुमचा वेगळा.

आता तुमचा मूळ प्रश्न.

401के मधून यंदा एकरकमी काढू नका. तुम्ही प्राप्तिकराच्या 22 टक्क्यांच्या पट्टीत आहात. हातात 72,000 यायला 92,000 च्या वर काढावे लागतील. तुमचं उत्पन्न 2 लाख 47 हजारांवर जाईल आणि तिथे एक दुसरी गोष्ट जागी होते. मेडिकेअरचा, म्हणजे 65 नंतरच्या सरकारी आरोग्य विम्याचा, प्रीमियम ठरवताना दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतात. तुम्ही 63 चे आहात, म्हणजे 65 व्या वर्षी यंदाचाच आकडा काढला जाणार. जोडप्यासाठी 2026 च्या प्रीमियमची सीमा 2 लाख 18 हजार आहे, ती ओलांडली की प्रीमियम वाढतो. ती दरवर्षी थोडी सरकते, पण तुमच्या उडीएवढी नाही. नोकरी सुटल्यावर तुमचा बराचसा पैसा 12 टक्क्यांच्या पट्टीत बसेल. काढायचेच असतील तर तेव्हा, दोन-तीन वर्षांत वाटून काढा.

15 वर्षांचं कर्ज मला त्याहून कमी आवडतं. 20 टक्के भरून उरलेले 57,600, व्याज साडेआठ टक्के धरलं तर हप्ता 567 डॉलर. हप्ता गोंडस दिसतो, तोच तर मुद्दा आहे. पाच वर्षांनी तुमच्या डोक्यावर अजून 45,700 बाकी असतील. नवा ट्रेलर पाच वर्षांत निम्म्यावर आला तर नवल नाही, म्हणजे विकायला गेलात तर खिशातून नऊ-दहा हजार भरून सुटका. तब्येत किंवा हौस पाच वर्षांत बदलू शकते, हे तुमच्या वयाला मी वेगळं सांगायला नको. ट्रकचं कर्ज वेगळं: 53,000, सहा वर्षं, साडेसहा टक्के, महिना 890. दोन्ही मिळून साडेचौदाशे, आणि अजून विमा नाही, ठेवायची जागा नाही, डिझेल नाही. ट्रेलरचे टायर तर घासून जाण्याआधी वयानंच म्हातारे होतात, पाच-सहा वर्षांत नक्षी शाबूत असतानाही बदलावे लागतात.

विक्रेता दोन गाजरं दाखवेल. पहिलं: ‘झोपायला, स्वयंपाकाला आणि टॉयलेटला सोय असलेला ट्रेलर दुसरं घर ठरतो, व्याज करातून वजा होतं.’ खरं आहे, पण खर्च एकेक दाखवून यादीवार वजावट घेणाऱ्यांसाठी. तुमचं घरकर्ज संपलंय. जोडप्याला 2026 साठी 32,200 ची सरसकट, म्हणजे स्टँडर्ड वजावट मिळते आणि पहिल्या वर्षाचं व्याज भरेल पाच हजारांच्या आत, त्यामुळे तुम्हाला शून्य फायदा. दुसरं: 2025 ते 2028 या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जाचं वर्षाला 10,000 पर्यंतचं व्याज वजा करता येतं. हे स्टँडर्ड वजावटीबरोबरही मिळतं, पण गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी आणि कमाल वजनमर्यादा 14,000 च्या खाली हवी. नेमक्या 14,000 ची ड्युअली इथेही बाहेर. फोर्डचे सुपर ड्युटी पिकअप बहुतेक केंटकीत बनतात, रॅमचे हेवी ड्युटी मेक्सिकोतल्या साल्तियोत, तेव्हा काचेवरचं लेबल वाचा. जोडप्याचं उत्पन्न 2 लाखांवर गेलं की ही सवलत विरघळायला लागते, म्हणजे यंदा 401के फोडलात तर तीही हातची जाईल. सगळं जुळलं तरी पहिल्या वर्षी वाचतात सातेकशे डॉलर. सातशेसाठी 85,000 ची गाडी घेणाऱ्याला माझी आई काय म्हणाली असती ते लिहीत नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? एफ-150 ठेवली असती. तिला 7,000 पाउंड कमाल वजनाचा, 24-25 फुटी साधा ट्रेलर नीट पेलवतो. 13 टक्के धरून 910 हिचवर, तुम्ही दोघं, वजन वाटणारा हिच आणि किरकोळ मिळून 520, एकूण 1,430. मर्यादेच्या आत, वर थोडी जागा राखून. तीन-चार वर्षं वापरलेला असा ट्रेलर 25,000 च्या आसपास शोधा आणि बचत खात्यातून घ्या, 401के ला हात नको. लहान असण्याचा आणखी एक फायदा आहे. राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याच जुन्या कॅम्पसाइटवर लांब ट्रेलर मावत नाही, आणि तुम्ही यूटाहचं नाव तीनदा घेतलंय. शिवाय तुम्ही 62 पार केलीयत. 80 डॉलरचा आजीवन सीनियर पास काढा, बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर भाडं निम्मं होतं.

दोन मोसमांनी फिफ्थ व्हीलच हवा असं वाटलं तर जरूर घ्या, मी अडवणार नाही. 12,500 चा ट्रेलर आणि एकेरी चाकांचा 3500, ही जोडी तुमच्या 11 लाखांना झेपते. फक्त क्रम उलटा ठेवा: आधी ट्रक, त्याच्या दारातला आकडा वाचून मग ट्रेलर. दोन्ही वापरलेले घेतलेत तर निम्म्या घसाऱ्याचं बिल दुसऱ्या कोणी भरलेलं असेल.

तोवर बयाणा परत मागा. पावतीवर परतीची अट काय लिहिलीय ते मला पाठवा, फोटोत ती घडी पडल्यामुळे अर्धीच दिसते. आणि ऑक्टोबरात आठवडाभरासाठी एखादा फिफ्थ व्हील भाड्यानं घ्या. बरेच मालक तो कॅम्पसाइटवर आणून, लावून देतात, ओढायचा प्रश्नच नाही. जागा ताईंना निवडू द्या. पाऊस पडत असताना तीन दिवस त्यात राहून झालं की त्यांची ती शेवटची ओळ पुन्हा विचारा.